पहिली फ्रेम कापायची असते

असं समज, की आज सकाळपुरती तू लोरे आहेस. वय तेरा. केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर आजोबांचा चामड्याचा ॲप्रन, तोही गुडघ्यांच्या खाली लोंबणारा. बाहेर फेब्रुवारीचं, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचं, ऊन कोबर्ग उपनगराच्या पत्र्यांवर चढतंय आणि तू मागच्या अंगणातल्या शेडमध्ये एका पोलादी नळीचं टोक घासते आहेस. पॉलिश पेपर नळीभोवती गुंडाळ, फिरव, पुन्हा फिरव. टोक चांदीसारखं चमकायला लागलं? आता स्वच्छ फडक्याने पूस. आणि आता तिथे बोट लावू नकोस.

"का लावायचं नाही?" मागून प्रश्न येतो. विचारणारे गिल्दो सार्तोरेल, तुझे आजोबा. तू त्यांना नोन्नो म्हणतेस. उत्तर त्यांना ठाऊक असतं, पण ते तुझ्या तोंडून ऐकायचं असतं.

"बोटाला तेल असतं. तेलावर पितळ बसत नाही."

"शाब्बास. मग आता दुसरं टोक घास."

एवढं जमलं असेल, तर आता आपण दोघं जरा बाजूला, अंजिराच्या सावलीत उभे राहू, आणि लोरेला तिचं काम करू देऊ. कारण तिच्या फ्रेमचे शेवटचे दोनच सांधे उरले आहेत, आणि उद्या रविवारी सगळं घर जमणार आहे.

सायकलची फ्रेम म्हणजे नळ्यांचा त्रिकोण. जिथे दोन नळ्या भेटतात तिथे पोलादाची एक आखूड बाही असते. सदऱ्याच्या बाहीत हात शिरावा तशी नळी त्या बाहीत शिरते. दोघांच्या मध्ये कागदाइतकी फट राहते. त्या फटीत वितळलेलं पितळ सगळीकडे पसरायला हवं. ते पसरलं की नाही, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. बाहीच्या काठावर पितळेची सुरेख रेघ उमटते, पाहणारा खूश होतो, आणि आत अर्धी जागा कोरडी असू शकते.

पितळ नीट पसरावं म्हणून लावायचा टाकणखाराचा लेप लोरेने कालवला. तेवढ्यात दारातून हाक आली.

"सकाळपासून पोरीच्या पोटात काही नाही! गिल्दो, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

नोन्ना एलिदे, लोरेची आजी, दारात उभी होती. हातात थाळी, थाळीत पावाचे जाड तुकडे, वर टोमॅटो आणि ऑलिव्हचं भरपूर तेल. शेडच्या आत यायचं नाही हा नियम तिने कधी मोडला नव्हता. पण दारातून तिने आजवर कितीतरी कामं थांबवली होती.

"हे एवढे दोन सांधे झाले की येते गं, नोन्ना."

"सांधे कुठे पळत नाहीत. खा."

लोरेने उभ्याउभ्याच खाल्लं. तेल मनगटापर्यंत ओघळलं. तिने हात ॲप्रनला पुसले, घाईघाईने, आणि पुन्हा कामाला लागली. लेप लावला, नळ्या बाह्यांमध्ये सरकवल्या. सीटखालची नळी जराशी अडली, ती तिने टोकाजवळ अंगठा लावून आत रेटली. मग काळा चष्मा चढवला आणि ज्योत पेटवली.

"पितळेच्या सळईकडे बघू नकोस," नोन्नो म्हणाले. "पोलादाकडे बघ. रंग कोणता?"

"लाल."

"कसला लाल?"

"चेरीचा."

"थांब अजून. संत्र्याची साल दिसली की सळई टेकव. आणि ज्योत पुढे ने. कोंबडीमागे पिल्लं जातात तसं पितळ ज्योतीमागे जातं. इकडून सळई, तिकडून ज्योत. ओढून घे त्याला. हां... हां... घाई नको."

पितळ चमकलं, बाहीच्या काठाखाली गडप झालं आणि पलीकडच्या काठावर बारीक सोनेरी रेघ होऊन वर आलं. नोन्नोंनी श्वास सोडला. लोरेने ज्योत विझवली तेव्हा तिच्या भुवयांवरून घाम गळत होता.

"झाली," ती म्हणाली.

"उद्या कळेल झाली की नाही," नोन्नो म्हणाले. पण त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि तो हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे राहिला.

*

रविवारी गिल्दोंचा मुलगा इव्हानो सकाळीच व्हॅन घेऊन आला, तेव्हा अंगणात टोमॅटोच्या पेट्यांची भिंत उभी राहिली होती. वर्षभराचा सॉस एका दिवसात करायचा, हा सार्तोरेलांचा रिवाज. मोठ्या पिंपाखाली लाकडं रचलेली होती. बीअरच्या तपकिरी बाटल्या धुऊन उलट्या ठेवल्या होत्या. गल्लीतल्या इतर इटालियन घरांत टोमॅटो गाळायचं यंत्र हाताने किंवा मोटारीने फिरवत. इथे ते पेडलने फिरे. गिल्दोंनी फार पूर्वी एका मोडक्या सायकलीची साखळी त्या यंत्राला जोडली होती. एकजण पेडल मारणार, एकजण वरून टोमॅटो लोटणार, तिसरा खाली पातेलं धरणार. यंदा पेडलवर लोरे होती.

"मामा, पाना घेऊन आलायस?" तिने पेडल न थांबवता विचारलं.

इव्हानोच्या खिशातून मोठा पाना डोकावत होता. तो काही लपवायचा प्रकार नव्हता. नाताळातच ठरलं होतं. इव्हानो सांभाळतो ते सायकलचं दुकान पुढे, शेड मागे, आणि शेडमध्ये काम घट्ट पकडायचे जे दोन व्हाइस आहेत त्यांतला दुसरा, म्हणजे शिकाऊ माणसाचा, काढून तिथे फळ्या लावायच्या. तैवानहून आलेल्या तयार फ्रेमचे खोके पावसात ठेवता येत नाहीत. गिल्दो म्हणाले होते, लोरेची फ्रेम होऊ दे, मग बघू. ती आता झाली होती.

"आणलाय," तो म्हणाला. "रागावलीस?"

"तू तुझं काम कर. मी माझं करते."

नीव्हेस, लोरेची आई, इव्हानोची धाकटी बहीण, टोमॅटोचे देठ काढत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, आजच काढायचा का तो? पोरगी वर्षभर राबलीय."

"मग काय करू? बाबांचे हात बघितलेस? ज्योत धरतात तेव्हा कोपर टेबलावर टेकवावं लागतं. आणखी किती दिवस?"

"म्हणून तर म्हणते, आजचा दिवस राहू दे."

"आजचा दिवस म्हणत म्हणत खोके माझ्या बेडरूममध्ये आलेत, नीव्हेस. मॉरीन आता खोक्यावर उशी ठेवून झोपते."

"उशीपेक्षा खोकाच बरा आहे," मॉरीन पलीकडून ओरडली. ती इव्हानोची बायको, जन्माने इथलीच, आयरिश घरची, आणि या घरात इतकी वर्षं काढूनही टोमॅटोच्या दिवशी नवीन असल्यासारखी सगळं विचारायची. "ए, पण फ्रेम दाखवा ना! सगळे व्हाइस व्हाइस करताय, फ्रेम कुठाय?"

नोन्नोंनी ती बाहेर आणली आणि अंजिराच्या फांदीला टांगली. रंग न लावलेलं उघडं पोलाद, आणि प्रत्येक सांध्यावर सोनेरी रेघ. बाह्यांची टोकं लोरेने कानशीने घासून पानासारखी निमुळती केली होती.

इव्हानोने जवळ जाऊन पाहिलं. मनात नसतानाही त्याचा अंगठा सीटखालच्या रेघेवरून फिरला. कुठेही गाठ नाही, खाच नाही. असं काम त्याच्या दुकानातल्या एकाही खोक्यात नव्हतं, आणि ते त्याला आवडलं नाही.

"सुंदर आहे," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"मग कापायची कधी?" लोरेने विचारलं.

*

इथे तुला शेडची ती भिंत दाखवायला हवी. शिकाऊ माणसाची पहिली फ्रेम कधीच रस्त्यावर जात नाही. ती पूर्ण झाली की घरातले सगळे जमतात आणि शिकवणारा तिचे सांधे लोखंड कापायच्या करवतीने उभे चिरतो. आत पितळ कुठे गेलं, कुठे नाही, सगळ्यांनी बघायचं. मग ते चिरलेले सांधे तारेने भिंतीला टांगायचे आणि त्या माणसाचं नाव दुसऱ्या व्हाइसखालच्या फळीत कोरायचं. त्यानंतर तो व्हाइस त्याचा.

भिंतीवर नोन्नोंचे स्वतःचे सांधे होते, मायदेशाहून जहाजातून पेटीत घालून आणलेले. त्यांचे भाऊ बेर्तो यांचे होते, गल्लीतल्या ग्रीक स्ताव्रोसचे होते, आणि आणखी काहींचे. त्या सगळ्यांच्या वर, छताजवळ, एक आख्खी फ्रेम लटकत होती. निळीशार. ती इव्हानोची. ती कापली गेली नव्हती. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण तिचं कौतुक करी. इव्हानो मात्र शेडमध्ये आला की कधी वर बघत नसे. आणि व्हाइसखालच्या फळीत त्याचं नाव नव्हतं, पण तिकडे कोण वाकून बघतो?

लोरेने वाकून बघितलं होतं. व्हाइसवर काम करणाऱ्याला ती फळी दिसतेच.

*

"कापायची?" नोन्ना एलिदेने हातातला झारा खाली ठेवला. "या घरात ही फ्रेम कोणी कापणार नाही. मी सांगून ठेवते."

"पण नोन्ना, पहिली फ्रेम..."

"मला नियम शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी या शेडच्या दारात उभी आहे. इतकी देखणी वस्तू! तिला रंग देऊ, बैठकीच्या खोलीत लावू. पाद्रीसाहेब येतील तेव्हा बघतील."

"दुकानाच्या काचेत लावू," इव्हानो म्हणाला. त्याचा सूर खरंच मवाळ झाला होता. "खाली तुझं नाव लिहू. मधोमध, सगळ्यांच्या पुढे. बोल, आवडेल?"

"मला तर फार आवडेल," नीव्हेस म्हणाली. "लोरे, ऐक ना. सगळे कौतुकच करतायत."

"मी एक विचारू?" मॉरीन म्हणाली. "माझ्या माहेरी रविवारी लोक क्रिकेट बघतात. तुम्ही सायकली कापता. पण आज मोठ्यांपैकी कोणालाच कापायची नाहीये, तर मग भांडण कशाचं आहे?"

लोरे नोन्नोंकडे बघत होती.

गिल्दो सार्तोरेल पिंपाखालची लाकडं पुढेमागे सारत बसले होते. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. फ्रेम कापली आणि आत कोरडी जागा निघाली, तर इव्हानो पाना काढणार. न कापता राहिली, तर तिच्यात काय आहे हे कोणालाच कळणार नाही, आणि कळलं नाही तर कोणाला काही म्हणताही येणार नाही. शिवाय ही शेवटची. यानंतर आपण कोणाला शिकवू असं त्यांना वाटत नव्हतं. शेवटची तरी आख्खी राहावी.

"दर वेळी कापलीच पाहिजे असं काही नाही, पोरी," ते लाकडांकडे बघत म्हणाले.

यंत्र थांबलं.

वरून लोटलेले टोमॅटो यंत्राच्या तोंडात साठले, एक घरंगळून मॉरीनच्या चपलेवर पडला.

"यंत्र का थांबलं?" नोन्नाने विचारलं.

"मी थांबले म्हणून," लोरे म्हणाली. ती सायकलवरून उतरली नाही. दोन्ही पाय पेडलवर, दोन्ही हात हँडलवर, मान ताठ. "फ्रेम कापल्याशिवाय मी पेडल मारणार नाही. आणि या सीटवरून उठणारही नाही."

"अगं, टोमॅटो उन्हात सडतील!"

"सडू देत."

"लोरेदाना!" नीव्हेसने पूर्ण नाव घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आजीशी असं बोलतात?"

"मी आजीशी नाही, नोन्नोंशी बोलतेय. नोन्नो, स्ताव्रोसची कापलीत ना?"

"कापली."

"बेर्तो आजोबांची?"

"कापली."

"तुमची तुमच्या उस्तादांनी कापली. तुम्हीच सांगितलंत, तुम्ही रडला होतात. मग माझीच का नाही?"

"कारण ती इतकी चांगली झालीय..."

"स्ताव्रोसची कुरूप होती?"

"स्ताव्रोस मोठा होता," इव्हानो मध्ये पडला. "त्याला हाच धंदा करायचा होता."

"आणि मला काय करायचंय, मामा? तू मला कधी विचारलंस?"

इव्हानो खिशातला पाना चाचपू लागला.

"तुम्ही सगळे माझ्या फ्रेमचं शाळेतल्या चित्रासारखं करताय," लोरे म्हणाली. "पोरीने काढलं, भिंतीला लावा, छान छान म्हणा. मला छान नकोय. आत काय आहे ते मला बघायचंय. फळीवर नाव नको, व्हाइस नको, चालेल. पण कापून मग सांगा नको म्हणून. न कापता नाही."

*

नीव्हेसच्या हातात टोमॅटो होता. तो तिने इतका दाबला की रस कोपरापर्यंत गेला.

या अंगणात तिनेही लहानपण काढलं होतं. दादा कानस चालवायचा आणि ती खाली पडलेला लोखंडाचा कीस झाडायची. एकदा तिने कानस उचलली होती. आई दारातून म्हणाली होती, ठेव ती, हात खराब होतील. बाबा काही म्हणाले नव्हते. ती मुकाट्याने झाडू घेऊन पुन्हा कामाला लागली होती. आपणही अशी सीटवर बसून राहिलो असतो तर? हे तिच्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "कापा."

"आत्ता तूच तिला ओरडत होतीस," नोन्ना म्हणाली.

"ओरडत होते. आता म्हणतेय कापा. मला तर कोणी फ्रेम करूच दिली नाही, आई. कापायचा प्रश्नच नव्हता. हिने केलीय. हिची बघा तरी."

"बघा, पोरीची आईपण फिरली!" नोन्ना पदरासारखा ॲप्रन कमरेला खोचत फ्रेमपुढे जाऊन उभी राहिली. "मी आहे तोवर हिला करवत लागणार नाही. मागे इव्हानोच्या फ्रेमपुढे उभी राहिले होते, तशीच आज उभी आहे. तेव्हा तरी कोणाचं काय बिघडलं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक केला होता. इव्हानो, सांग हिला."

सगळ्यांनी इव्हानोकडे पाहिलं.

इव्हानो शेडच्या दाराकडे बघत होता. दारातून निळ्या फ्रेमची खालची नळी दिसत होती.

"आई," तो म्हणाला, "बाजूला हो."

"काय?"

"बाजूला हो गं. कापू दे तिला."

नोन्नाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तूसुद्धा? अरे, तुझ्यासाठी मी..."

"माहीत आहे. माझ्यासाठीच उभी राहिलीस. केकपण छान होता." इव्हानोने खिशातला पाना काढून उगाच या हातातून त्या हातात घेतला. "पण त्या दिवसापासून मला माहीत नाही की माझ्या सांध्यांत पितळ गेलं होतं की नव्हतं. दुसरी फ्रेम करायला व्हाइसपुढे उभा राहिलो. वाटलं, पहिलीतच काय आहे ठाऊक नाही, आणि हिच्यावर माणूस बसणार, उतारावरून सुसाट जाणार. हात उचलवेना. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग म्हटलं, मला दुकान सांभाळायला आवडतं."

"तू म्हणाला होतास, तुला मनापासून आवडतं," गिल्दो हळू आवाजात म्हणाले.

"मग काय म्हणणार होतो, बाबा? तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता."

पिंपातलं पाणी उकळायला लागलं होतं. मॉरीनने नवऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि टोमॅटोच्या रिकाम्या पेटीत टाकला.

नोन्ना एलिदे बाजूला झाली, पण लांब गेली नाही.

"कापा," ती म्हणाली. "मी इथेच उभी राहते. आणि कोणी हसलं तर त्याला सॉसची एक बाटली मिळणार नाही."

गिल्दो उठले. "लोरे, उतर खाली. ॲप्रन घाल."

*

व्हाइसमध्ये फ्रेम आडवी धरली. नोन्नोंनी आधी नळ्या कापून सांधे सुटे केले, मग एकेक उभा चिरायला घेतला. कोपर टेबलावर टेकवलं, तरी करवत सरळ चालली. लोखंडाचा कीस लोरेच्या बुटांवर पडत होता. तिने हात मागे बांधले होते, म्हणजे कापताना बोटं मध्ये जाणार नाहीत.

पहिला सांधा उघडला. आत पिवळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नोन्नोंनी तो इव्हानोच्या हातात दिला. इव्हानोने उजेडात धरला.

"भरलाय," तो म्हणाला.

दुसरा भरलेला. तिसरा, पेडलपाशीचा, सगळ्यात अवघड. तोही भरलेला. नीव्हेस हसायला लागली, मग तिने तोंडावर हात ठेवला.

चौथा सीटखालचा. करवत पार गेली, दोन भाग अलग झाले. नोन्नोंनी आत बघितलं आणि तो थेट लोरेच्या हातात दिला.

बाहेरची रेघ अखंड होती. आत मात्र एक जागा उघडी, करडी, पितळेचा स्पर्शही न झालेली. लांबट गोल. लोरेने नकळत आपला अंगठा तिथे टेकवला. तो तिथे बरोब्बर बसला.

"अंगठा," ती म्हणाली. मग तिला आठवलं. "तेलाचा हात. पाव खाल्ला, मग नळी रेटली मी."

"पाव?" नोन्नाचा आवाज चढला. "म्हणजे माझी चूक? उपाशी ठेवायची होती का पोरीला?"

"नाही, नोन्ना. हात मी धुवायला हवे होते."

"तेल मीच जास्त घातलं," नोन्ना पुटपुटली. एवढं कबूल करणं तिच्या आयुष्यात नवीन होतं. "पण सुका पाव काय घशात अडकवायचा?"

मॉरीनला हसू आवरेना. "मम्मा, हे एकच घर आहे, जिथे सायकल जेवणामुळे बिघडते." आणि मग नोन्नासकट सगळेच हसले. सॉसच्या बाटलीचा नियम तिथेच मोडला.

लोरे मात्र हसली नाही. "नोन्नो, ही तुटली असती?"

"लगेच नाही. बरीच वर्षं चालली असती. मग एके दिवशी, चढावर उभं राहून पेडल मारताना, कदाचित." त्यांनी भिंतीवरचा स्वतःचा सांधा काढून तिच्यापुढे धरला. त्याच्या आत दोन मोठ्या कोरड्या जागा होत्या, गंजून तपकिरी झालेल्या. "हा माझा. माझे उस्ताद म्हणाले होते, आता तुला कळलं, आता दुसरी कर. मीही तेच म्हणतो. उद्या दुसरी सुरू कर. आणि आधी हात धू."

"साबणाने," नोन्ना म्हणाली.

गिल्दोंनी छिन्नी आणि हातोडी घेतली, दुसऱ्या व्हाइसपुढे वाकले आणि फळीत पहिलं अक्षर पाडायला लागले. इव्हानो बघत होता. पाना टोमॅटोच्या पेटीत होता आणि तो आणायला कोणी गेलं नाही.

"खोक्यांचं काय?" नीव्हेसने विचारलं.

"खोके राहतील बेडरूममध्ये," मॉरीन म्हणाली. "मला आता सवय झालीय."

इव्हानो हसला, पण त्याची नजर पुन्हा वर गेली, छताकडे, आणि तिथून लगेच खाली आली.

ती नजर लोरेने पाहिली.

तिने आपले चिरलेले सांधे तारेत ओवले आणि भिंतीला टांगले. सीटखालचा सांधा तिने फिरवून लावला, उघडी जागा सगळ्यांना दिसेल अशी. मग ती अंगणातल्या नळावर गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले, साबणाने, दोनदा. अंगठे फडक्याने नीट पुसले. कोपऱ्यातलं स्टूल ओढत भिंतीपाशी आणलं, त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि ती निळी फ्रेम हुकावरून सोडवली. धूळ तिच्या केसांवर पडली. नोन्ना दारातून बाजूला सरकली, आत उजेड यावा म्हणून.

लोरेने निळी फ्रेम दुसऱ्या व्हाइसमध्ये बसवली आणि दांडा घट्ट पिळला. करवत उचलली. मूठ इव्हानोच्या दिशेने केली आणि हात पुढे धरला.

"घे, मामा," ती म्हणाली. "हवं तर दुसरं टोक मी धरते."